महारोबो जगभर, जुनी लढाई मात्र कुलपात

जपानचा 'सुपर रोबो वॉर्स' हा १९९१ पासूनचा व्हिडिओ गेम आता जगभर विकला जातो. ज्या जुन्या खेळांनी त्याला नाव मिळवून दिले, ते मात्र भाषा, करार आणि स्वामित्वहक्क यांच्या तिहेरी तटबंदीत अडकले आहेत. खेळण्याच्या या कथेत डिजिटल संस्कृतीच्या जतनाचा गंभीर प्रश्न दडलेला आहे.

२८ ऑगस्ट २०२५ रोजी 'सुपर रोबो वॉर्स वाय' हा डावपेचांचा व्हिडिओ गेम निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ५ आणि वैयक्तिक संगणक या तिन्हींसाठी जगभरच्या बाजारात आला. नवा गेम बाजारात येणे ही एरवी बातमी नव्हे. परंतु या मालिकेच्या बाबतीत तिला वेगळे महत्त्व आहे. १९९१ पासून जपानमध्ये अखंड लोकप्रिय असलेली ही मालिका पाश्चात्त्य देशांच्या दुकानांत दीर्घकाळ जवळपास अदृश्य होती. २०२१ मध्ये आलेला 'सुपर रोबो वॉर्स ३०' संगणकावर इंग्रजीत उपलब्ध झाला आणि तटबंदीला पहिले मोठे भगदाड पडले. २०२५ मध्ये दार पुरते उघडले, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र ते नव्या खेळापुरतेच. नव्वदच्या दशकातील मूळ खेळ आजही जपानी लिपीत, जुन्या कार्ट्रिजमध्ये बंदिस्त आहेत. यशस्वी मालिकेचा वर्तमानकाळ जगाचा झाला. भूतकाळ मात्र मूठभर संग्राहकांचाच राहिला. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी या खेळाचे स्वरूप पाहावे लागते.

एप्रिल १९९१ मध्ये बॅनप्रेस्टो या जपानी कंपनीने निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी पहिला 'सुपर रोबो वॉर्स' प्रसिद्ध केला. तो घडवण्याचे काम विंकीसॉफ्ट या कंपनीने केले होते. 'गेम बॉय'चा पडदा लहान आणि त्यावर करड्या-हिरव्या रंगाच्या अवघ्या चार छटा. त्या पडद्यावर मोठे डोके आणि आखूड हातपाय असलेले, काहीसे गमतीदार दिसणारे महाकाय रोबो चौकटींच्या पटावर एकमेकांसमोर उभे ठाकत. खेळाची पद्धत बुद्धिबळाच्या जवळची. आधी एका बाजूने आपले सर्व मोहरे हलवायचे, मग दुसऱ्या बाजूने. कोणता रोबो किती घरे चालेल, कोणते अस्त्र किती अंतरावर पोहोचेल, समुद्रात कोण दुबळा ठरेल आणि अवकाशात कोण प्रबळ, याचा हिशेब मांडून पुढचे पाऊल टाकायचे. बोटांच्या चपळाईपेक्षा येथे दूरदृष्टीला किंमत होती.

परंतु जपानी मुलांना या खेळाने वेड लावले ते केवळ डावपेचांमुळे नव्हे. पटावर उभे राहणारे रोबो त्यांच्या ओळखीचे होते. डिसेंबर १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर अवतरलेला गो नागाई यांचा 'माझिंगर झेड', १९७४ चा 'गेटर रोबो' आणि योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेला १९७९ चा 'गंडम' अशी तीन घराणी पहिल्याच खेळात एकत्र आली. यांतील पहिली दोन घराणी अजिंक्य महावीरांची. तिसरे घराणे मात्र युद्धाची किंमत मोजणाऱ्या सैनिकांचे. 'गंडम'चे प्रथम प्रसारण अपेक्षित प्रतिसादाअभावी ५२ ऐवजी ४३ भागांतच गुंडाळण्यात आले होते. पुढे पुनःप्रसारणाने आणि १९८० पासून विक्रीस आलेल्या प्लॅस्टिकच्या जोडणी-प्रतिकृतींनी त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या वाहिन्यांवरचे हे नायक एकाच रणांगणावर खांद्याला खांदा लावून लढले तर काय होईल, हा शाळेच्या मधल्या सुट्टीतला वाद या खेळाने प्रत्यक्षात उतरवला.

पहिल्या खेळात रोबोंमध्ये बसणारे वैमानिक नव्हतेच. रोबो हेच पात्र होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'फॅमिकॉम'साठी आलेल्या दुसऱ्या भागाने ही उणीव भरून काढली. वैमानिक आले, त्यांच्याबरोबर संवाद आले आणि एक सलग कथानक आले. १९९३ मध्ये 'सुपर फॅमिकॉम'वर तिसरा भाग आणि १९९५ मध्ये चौथा भाग प्रसिद्ध झाला, तेव्हा या मालिकेचे व्याकरण स्थिर झाले होते. अवजड चिलखती रोबो मार खाऊन उभा राहतो, हलका रोबो मार चुकवतो. वैमानिकाचे मनोबल वाढल्याशिवाय त्याची सर्वांत प्रभावी अस्त्रे चालत नाहीत. विशिष्ट मनःशक्ती खर्च करून एखादा नेम अचूक करता येतो, एखादा घाव दुप्पट करता येतो. शत्रूच्या गोटातील एखाद्या वैमानिकाशेजारी नेमका योग्य माणूस नेऊन उभा केला, की शस्त्राऐवजी शब्दाने त्याचे मन वळवता येते.

या शेवटच्या युक्तीत मालिकेचे खरे मर्म आहे. 'झीटा गंडम' या १९८५ च्या मालिकेतील फोर मुरासामे ही तरुणी मूळ कथेत मृत्युमुखी पडते. 'सुपर रोबो वॉर्स'च्या अनेक भागांत मात्र योग्य वेळी योग्य चाली केल्या तर ती वाचते आणि खेळाडूच्या बाजूने उभी राहते. लहानपणी पडद्यासमोर हतबल होऊन पाहिलेला मृत्यू मोठेपणी आपल्या बुद्धीने टाळता येणे, ही साधी करमणूक नव्हे. जुन्या कथांना प्रेक्षकाने दिलेले ते उत्तर आहे. म्हणूनच या खेळाकडे केवळ जुने खेळणे म्हणून पाहता येत नाही. जपानच्या चित्रवाणी-संस्कृतीने स्वतःवर लिहिलेले ते एक भाष्य आहे आणि भाष्याला मूल्य असेल, तर ते टिकवण्याची जबाबदारीही ओघानेच येते.

नेमकी येथेच अडचणीला सुरुवात होते. ज्या एकत्रीकरणामुळे हा खेळ श्रेष्ठ ठरला, त्याच एकत्रीकरणामुळे तो कायदेशीरदृष्ट्या नाजूक झाला. एका कार्ट्रिजमध्ये दहा-वीस मालिकांचे रोबो असतील, तर तिच्यामागे तितकेच करार असतात. 'गंडम' निर्माण करणारी सनराइज ही कंपनी १९९४ मध्ये बंदाई समूहात आली, त्यामुळे ते घर सोयीचे. 'माझिंगर' आणि 'गेटर' यांचे हक्क गो नागाई यांच्या डायनॅमिक प्रॉडक्शनकडे. १९९७ च्या 'सुपर रोबो वॉर्स एफ'मध्ये सामील झालेल्या 'इव्हँजेलियन'ची आणखी निराळी कहाणी. ती मालिका निर्माण करणाऱ्या गायनॅक्स कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मालिकेचे हक्क तोवर खारा या कंपनीकडे गेले होते. खेळ घडवणारी विंकीसॉफ्टही पुढे बंद पडली. बॅनप्रेस्टोचा व्हिडिओ गेम विभाग २००८ मध्ये नामको बंदाईत विलीन झाला. एखादा जुना खेळ पुन्हा विकायचा म्हटले, तर बदललेल्या इतक्या दारांवर नव्याने टकटक करावी लागते. त्यातील एक दार जरी उघडले नाही, तरी सारा खेळ अडतो. कारण पटावरून एक मोहरा उचलला की कथानकाचा धागाच तुटतो.

या तर्काचा पुरावा मालिकेनेच दिला आहे. बॅनप्रेस्टोने दुसऱ्या भागापासून स्वतः निर्मिलेले काही रोबो खेळात आणले होते. त्यांतला सर्वांत गाजलेला 'सायबस्टर'. २००२ मध्ये केवळ अशा स्वनिर्मित पात्रांना घेऊन 'ओरिजिनल जनरेशन' हा खेळ 'गेम बॉय अॅडव्हान्स'साठी काढण्यात आला. त्यात गंडम नव्हता, माझिंगर नव्हता, म्हणजेच परक्या हक्कधारकाचा प्रश्न नव्हता. हाच खेळ आणि त्याचा दुसरा भाग २००६ मध्ये अॅटलस या कंपनीने इंग्रजीत भाषांतरित करून अमेरिकेत विकला. पंधरा वर्षे बंद असलेली सीमा एका झटक्यात ओलांडली गेली. फक्त त्यासाठी ज्यांच्यामुळे मालिका ओळखली जाते, त्या सर्व नायकांना घरी ठेवावे लागले.

'मॅक्रॉस'चे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९८२ ची ही जपानी मालिका इतर दोन मालिकांशी जोडून हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये 'रोबोटेक' या नावाने सादर केली. जपानमधील हक्क आणि जपानबाहेरील हक्क यांवरून त्यानंतर दीर्घकाळ तंटा चालला. २००० मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या 'सुपर रोबो वॉर्स अल्फा'त 'मॅक्रॉस' होता. साहजिकच जपानबाहेर त्याची वाट बिकट होती. अखेर एप्रिल २०२१ मध्ये जपानच्या बिग वेस्टने आणि हार्मनी गोल्डने समझोता जाहीर केला. २०२५ च्या जगभर विकल्या गेलेल्या खेळात 'मॅक्रॉस डेल्टा'चा चित्रपट समाविष्ट झाला, त्यामागे हा समझोता आहे, हे उघड आहे. तथापि या तडजोडीने नव्या कृतींचा मार्ग मोकळा झाला, म्हणून जुने खेळ आपोआप मुक्त होत नाहीत. त्यांच्यासाठी नव्याने करार करण्यात कोणाला रस आहे, हा प्रश्न उरतोच.

भारतीय वाचकाला जवळचे वाटेल असेही एक उदाहरण याच 'अल्फा'त सापडते. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' नावाची एक परदेशी मालिका दाखवली जात असे. मनगटावरील घड्याळात आज्ञा देणारा मुलगा आणि त्याचे ऐकणारा उडता महाकाय रोबो त्या पिढीच्या आजही स्मरणात आहे. मित्सुतेरु योकोयामा यांच्या चित्रकथेवर आधारलेली ही १९६७ ची जपानी मालिका. त्याच रोबोचा १९९० च्या दशकातील अॅनिमेशन अवतार प्लेस्टेशनवरच्या 'अल्फा'त लढतो. परंतु २००१ मध्ये 'अल्फा' ड्रीमकास्ट या यंत्रासाठी नव्याने काढण्यात आला, तेव्हा जायंट रोबोला वगळण्यात आले. म्हणजे अवघ्या वर्षभरात, त्याच नावाच्या खेळातून, एक संपूर्ण नायक नाहीसा झाला. पुनर्निर्मिती म्हणजे जतन नव्हे, हे यातून स्पष्ट होते. नवी आवृत्ती अधिक देखणी असेल. ती मूळ कृतीची जागा घेईलच असे नाही.

चित्रांप्रमाणेच संगीताचीही गोष्ट आहे. रोबो रणांगणात उतरला की त्याच्या मालिकेचे शीर्षकगीत वाजणे हा या खेळाचा आत्मा. पण सामान्य आवृत्तीत बहुधा त्या चालींचे वाद्यरूपच ऐकू येते. २०१७ च्या 'सुपर रोबो वॉर्स व्ही'च्या वेळी मूळ गायकांच्या आवाजातील गाणी असलेली अधिक किमतीची वेगळी आवृत्ती काढण्यात आली होती. गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांचे हक्क वेगवेगळे असतात, याचे यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक कोणते? प्रत्येकाला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. मात्र असे जितके वाटेकरी, तितकी कृती पुन्हा बाजारात येण्याची शक्यता कमी, हेही तितकेच खरे.

हक्कांच्या तटाला लागूनच भाषेचा तट आहे. १९९० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांच्या बाजारांत 'फॅमिकॉम'च्या नकला असलेली स्वस्त यंत्रे आणि त्यांच्या 'कॅसेट' सर्रास विकल्या जात. 'मारिओ' किंवा 'काँट्रा' खेळायला जपानी येण्याची गरज नव्हती. उडी मारणे आणि गोळी झाडणे यांना भाषा लागत नाही. डावपेचांच्या खेळाचे तसे नाही. कोणता वैमानिक कोणाचे ऐकेल, कोणती चाल कथानकाला कोठे नेईल, हे संवाद वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच एका यंत्रावरचे काही खेळ जगाच्या बालपणाचा भाग झाले आणि त्याच यंत्रावरचा हा खेळ जपानपुरताच राहिला.

ही दरी काही अंशी भरून काढली ती हौशी भाषांतरकारांनी. मालिकेच्या अनेक जुन्या भागांची इंग्रजी भाषांतरे चाहत्यांनी विनामोबदला केली आहेत. मर्यादित जागेत बसवलेली जपानी अक्षरे उकलून त्या जागी इंग्रजी बसवणे हे वर्षानुवर्षांचे चिकाटीचे काम आहे. हे चाहते बहुधा मूळ खेळ वाटत नाहीत, केवळ बदलांची फाइल देतात. तरीही हक्कधारकाच्या परवानगीविना केलेले भाषांतर कायद्याच्या कक्षेत बसत नाही, हे नाकारता येणार नाही. ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना इच्छा नाही आणि ज्यांना इच्छा आहे त्यांच्याकडे अधिकार नाही, अशी ही विचित्र कोंडी आहे.

ही कोंडी एका मालिकेपुरती मर्यादित नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. संशोधकांना जतन केलेले खेळ ग्रंथालयांमार्फत दूरस्थ पद्धतीने पाहता यावेत, अशी सवलत मागण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. अशा खेळांचा उपयोग संशोधनाऐवजी करमणुकीसाठी होईल, अशी उद्योगाची भीती होती. कादंबरी संशोधनासाठी वाचली आणि वाचकाला तिच्यात आनंद वाटला, तर ग्रंथालयाला कोणी दोष देत नाही. व्हिडिओ गेमला मात्र हा न्याय लागू होत नाही.

जपानची स्थिती थोडी बरी आहे. तेथील राष्ट्रीय संसद ग्रंथालयात २००० पासून तबकडी वा कार्ट्रिजच्या रूपात प्रसिद्ध होणारे इलेक्ट्रॉनिक साहित्य जमा करण्याची कायदेशीर तरतूद आहे आणि तीत व्हिडिओ गेमही येतात. टोकियोतील गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी ही संस्था २०११ पासून जुन्या खेळांच्या जतनाचे काम करते. पण 'सुपर रोबो वॉर्स'चे पायाभूत भाग १९९१ ते १९९९ या काळातले, म्हणजे त्या तरतुदीच्या आधीचे आहेत. २००२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या फेरविक्रीला मोकळीक दिली, म्हणून निदान जुनी कार्ट्रिज हातोहात फिरत राहिली. आज या मालिकेचा इतिहास बव्हंशी जुन्या मालाच्या दुकानांनी आणि खासगी कपाटांनी सांभाळला आहे.

कपाटांचा भरवसा मात्र फार काळ धरता येत नाही. त्या काळच्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती साठवण्यासाठी छोटी बॅटरी असे, ती संपते. स्मृतिचिपाही कधी ना कधी निकामी होतात. जपानने २०१८ च्या अखेरीस संरक्षणाची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. संस्थेच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या १९९१ च्या कृतीवरील हक्क त्यामुळे २०६१ संपेपर्यंत चालेल. खेळातील मूळ पात्रांवरील हक्क त्याहीपुढे जाऊ शकतात. कायद्याची मुदत आणि वस्तूचे आयुष्य यांची ही शर्यत कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

डिजिटल विक्रीने हा प्रश्न सुटेल, ही आशाही फोल ठरते आहे. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये 'थ्री-डीएस' आणि 'वी यू' या यंत्रांवरील खरेदी बंद केली. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने तर विक्रेत्यांना असे बजावले आहे, की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरू नये. कार्ट्रिज निदान विकत घेणाऱ्याची होती. परवान्यावर उभा असलेला आणि स्वतःच इतरांच्या परवान्यांनी बांधलेला खेळ दुहेरी अनिश्चिततेत असतो. २०२५ मध्ये जगभर पोहोचलेला नवा खेळ तीस वर्षांनी कोणाला खेळता येईल, याची हमी आज कोणाकडेच नाही.

हक्कधारकांची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. माझिंगर हे कोणाच्या तरी प्रतिभेचे फळ आहे आणि त्यावर पोट असलेली माणसे आहेत. जुना खेळ पुन्हा आणण्याचा खर्च विक्रीतून निघेलच असे नाही. त्यामुळे सर्व काही मोफत करा, ही मागणी अन्यायाची ठरेल. मात्र विक्री आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे मान्य करण्यात कोणाचे नुकसान नाही. करार करतानाच ग्रंथालयातील प्रतीसाठी आणि अभ्यासासाठी कायम मुभा देणारे एक कलम घालता येईल. वर्षानुवर्षे बाजारात नसलेल्या कृतीपुरती ग्रंथालयांना सवलत देता येईल. हौशी भाषांतरांना, मोबदला न घेण्याच्या अटीवर, औपचारिक मान्यता देता येईल. यांतील कोणत्याही उपायाने नव्या खेळाचा एकही ग्राहक कमी होणार नाही. उलट ज्याने १९९१ चा पट पाहिला आहे, त्यालाच २०२५ च्या पटाचे खरे मोल कळेल.

१९९१ मध्ये एका छोट्या करड्या-हिरव्या पडद्यावर परस्परांशी काहीही संबंध नसलेले रोबो एकत्र आले, ते त्यांच्या मालकांनी एकमेकांसाठी थोडी जागा करून दिली म्हणून. खेळ विकण्यासाठी दाखवलेले ते सामंजस्य खेळ टिकवण्यासाठीही दाखवले जाते का, यावर या मालिकेच्या जुन्या भागांचे भवितव्य अवलंबून आहे. फोर मुरासामेला वाचवण्यासाठी योग्य चाल योग्य वेळीच करावी लागते. ती वेळ चुकली, तर पुढच्या कितीही चाली व्यर्थ असतात.